घराआधी परिसराची नाडी तपासा

रविवारची सकाळ, अकराची वेळ. पुण्याच्या एखाद्या उपनगरातल्या नव्या गृहप्रकल्पावर गर्दी जमलेली असते. कुणी आई-वडिलांना बरोबर घेऊन आलेले, कुणाच्या कडेवर लेकरू. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी सुरू असतो, ओटा चकचकीत असतो आणि बेडरूमच्या खिडकीतून मोकळे माळरान दिसते. विक्री प्रतिनिधी कार्पेट एरिया, पार्किंग, क्लब हाऊस आणि आजच बुकिंग केले तर मिळणारी सवलत सांगतो. तासाभराने कुटुंब परत निघते तेव्हा हातात माहितीपत्रक असते आणि डोक्यात हप्त्याचे गणित.

या तासाभरात बरेच प्रश्न विचारायचे राहून गेलेले असतात. नळाला पाणी येते ते कुठून? रात्री अकरानंतर समोरच्या रस्त्यावरून किती ट्रक जातात? मागचा ओढा पावसाळ्यात कुठपर्यंत चढतो? रात्री दोन वाजता आजीच्या छातीत दुखू लागले, तर रुग्णालय गाठायला किती वेळ लागेल? खिडकीतून दिसणाऱ्या त्या माळरानावर पाच वर्षांनी काय असेल?

गृहकर्ज साधारण वीस वर्षांचे असते. तेवढ्या काळात घरातल्या लहान मुलाची फुप्फुसे पूर्ण वाढलेली असतात, तिशीतले आई-वडील पन्नाशीला पोहोचलेले असतात आणि रक्तदाब-साखरेच्या गोळ्या घरात आलेल्या असतात. ही वीस वर्षे कोणत्या हवेत, कोणत्या पाण्यावर आणि किती शांततेत जाणार, हे फ्लॅटपेक्षा त्याच्या पत्त्यावर जास्त अवलंबून असते.

वस्तीचीच चाचणी

परिसराचा तब्येतीवर परिणाम होतो, हे म्हणायला सोपे आणि सिद्ध करायला अवघड. चांगल्या वस्तीतल्या लोकांची प्रकृती चांगली दिसली, तरी ती वस्तीमुळे की त्यांच्याकडे मुळातच पैसा, शिक्षण आणि फुरसत अधिक असल्यामुळे, हे वेगळे काढता येत नाही.

अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ या सरकारी प्रयोगाने ही अडचण दूर केली. बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या अत्यंत गरीब वस्त्यांमध्ये, सरकारी घरांत राहणाऱ्या कुटुंबांची सोडत काढण्यात आली. काहींना कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहण्यासाठी मदत मिळाली, काहींना नाही. नव्या औषधाची चाचणी करताना कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. येथे औषधाच्या जागी वस्ती होती.

दहा ते पंधरा वर्षांनी या कुटुंबांतील महिलांचे वजन, उंची आणि रक्त तपासण्यात आले. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निष्कर्ष प्रसिद्ध केले. कमी गरिबीच्या भागात जाण्यासाठी मदत मिळालेल्या गटात तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह, दोन्हींचे प्रमाण शंभरांमागे तीन ते पाचने कमी होते. विशेष म्हणजे या महिलांची कमाई काही वाढलेली नव्हती. परिसरातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीने हा फरक पडला, हे या प्रयोगातून कळत नाही. पण पत्ता बदलल्याने तब्येत बदलू शकते, याचा यापेक्षा भक्कम पुरावा क्वचितच सापडेल.

दोषांचे तीन गट

निर्दोष परिसर कोणत्याच शहरात नाही. प्रश्न असतो तो कोणता दोष पत्करायचा हा, आणि त्यासाठी दोषांची विभागणी करणे उपयोगाचे ठरते.

पहिल्या गटात आपण स्वतः दुरुस्त करू शकतो ते दोष येतात. फरशी, रंग, खिडकीची जाळी, पाण्याचा फिल्टर, अपुरी कपाटे. दुसऱ्या गटात सोसायटीने एकत्र येऊन सुधारता येतील असे दोष: टाकीची सफाई, कचऱ्याची व्यवस्था, पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे, आवारातली झाडे, डासांची पैदास. तिसऱ्या गटात जे कोणत्याही रहिवाशाच्या हातात नाहीत ते: जमिनीचा उतार, नदी-ओढ्यापासूनचे अंतर, शेजारचा महामार्ग, पाण्याचा मूळ स्रोत, कामाच्या ठिकाणाचे अंतर.

घर पाहताना बहुतेकांचे लक्ष पहिल्या गटावर असते. आरोग्यावर सर्वात दीर्घ परिणाम मात्र तिसऱ्या गटाचा होतो. पुण्यासारख्या शहरात हा तिसरा गट कसा तपासायचा, ते एकेक करून पाहता येईल.

पाणी कुठपर्यंत येते?

पुण्याला पुराची आठवण नवी नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या मुसळधार पावसाने, कात्रजच्या डोंगरातून उतरून मुठेला मिळणारा आंबिल ओढा पात्र सोडून वाहिला. त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या सोसायट्यांचे तळमजले बुडाले.

नदीकाठी घर पाहताना दोन शब्द माहीत असायला हवेत, निळी पूररेषा आणि लाल पूररेषा. जलसंपदा विभाग या रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचेल ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध असतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या भागात अटी घालून परवानगी मिळते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. येथे संभाव्यतेचे साधे गणित करून पाहावे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के भरते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी हाच आकडा ५६ टक्क्यांवर जातो, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जास्त. शिवाय या रेषा जुन्या पावसाच्या नोंदी आणि नदीचे त्या वेळचे पात्र यांवर आखलेल्या असतात. पात्रात भराव पडला, ओढे अरुंद झाले किंवा गाळ साचला, की कमी विसर्गातही पाणी वर चढते.

पुराचे नुकसान सामानापुरते राहत नाही. पाणी ओसरल्यावर अतिसार, कावीळ, लेप्टोस्पायरोसिस यांचा धोका वाढतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले होते. ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी दमेकऱ्यांना पुढे कित्येक महिने त्रास देते.

तपासणीचा मार्ग सोपा आहे. महापालिकेच्या विकास आराखड्यात पूररेषा आणि ओढे-नाले दाखवलेले असतात. जागेचा सर्व्हे नंबर घेऊन झोन दाखला काढता येतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे पाहायला मिळतात. खिडकीतून दिसणारे माळरान हे बागेचे आरक्षण आहे, की रुंद रस्त्याचे, की मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचे, हेही त्याच आराखड्यातून कळते. आणि कागदाच्या जोडीला जवळच्या जुन्या किराणा दुकानदाराला किंवा रिक्षाथांब्यावर विचारावे, “दोन हजार एकोणीसला पाणी कुठवर आले होते?” उत्तर बहुधा बोट दाखवून मिळते.

नळ, टँकर आणि बोअर

शहराची हद्द ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने जलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे वाढत नाहीत. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. इमारती आधी उभ्या राहिल्या, पाणी मागून येत आहे.

याची किंमत जानेवारी २०२५ मध्ये दिसली. पुणे परिसरात गिया-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएसचे दोनशेहून अधिक रुग्ण आढळले. त्यातले अनेक जण सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातले होते. या आजारात पोटाच्या किंवा श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते; हातपाय लुळे पडतात, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला, आणि संशयाचा रोख दूषित पाण्याकडे वळला.

म्हणून ‘पाणी चोवीस तास आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. टाकीत चोवीस तास पाणी असणे आणि महापालिकेचे शुद्ध पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी महापालिकेचे, बोअरचे की टँकरचे? प्रत्येकाचा वाटा किती? उन्हाळ्यात टँकरचा महिन्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटमागे किती पडतो? बाजूच्या, आधीच राहायला गेलेल्या सोसायटीचे मेंटेनन्सचे बिल पाहिले, तर याचे खरे उत्तर हाती येते.

नळाचे पाणी असले तरी ते किती वेळ येते हेही पाहावे. दिवसातून थोडा वेळच पाणी सोडले जाते तेव्हा उरलेल्या वेळात वाहिनीतला दाब शून्यावर येतो आणि फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे सांडपाणी आत ओढले जाऊ शकते.

पाण्याच्या काही चाचण्या कोणालाही करून घेता येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू अजिबात आढळता कामा नये. निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन वापरले असेल, तर नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे चांगले. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले जाते. आरओ यंत्र बसवले की प्रश्न संपला, असे अनेकांना वाटते. ते यंत्र पिण्यापुरते असते. भांडी, भाजी, दात घासणे आणि लहान मुलाची आंघोळ त्याच मूळ पाण्यावर चालते. स्रोत हा तिसऱ्या गटातला दोष आहे, फिल्टर पहिल्या गटातला उपाय.

रस्त्यापासून किती मीटर?

‘हायवे टच’ हा जाहिरातीतला लाडका शब्द. डॉक्टरांच्या दृष्टीने तो इशारा समजावा. वाहनांच्या धुरातले पीएम २.५ हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि त्याहून सूक्ष्म कण रस्त्यालगत सर्वाधिक असतात आणि अंतर वाढेल तसे झपाट्याने कमी होतात. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये शेकडो संशोधने तपासून काढलेल्या निष्कर्षानुसार, मोठ्या रस्त्याच्या वाहतुकीचा सर्वाधिक प्रभाव ३०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात जाणवतो.

मुलांवरचा परिणाम दक्षिण कॅलिफोर्नियातील अभ्यासाने दाखवला. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ३,६७७ मुलांच्या फुप्फुसांची वाढ दहाव्या वर्षापासून आठ वर्षे मोजण्यात आली. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची क्षमता, दीड किलोमीटर किंवा त्याहून दूर राहणाऱ्यांपेक्षा कमी वाढली होती. या वयात राहिलेली तूट पुढे भरून निघणे कठीण असते. वृद्धांच्या बाबतीत कॅनडातील ऑंटारिओ प्रांतातला अभ्यास बोलका आहे. सुमारे ६६ लाख लोकांच्या नोंदींत असे दिसले की, मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ३०० मीटरहून दूर राहणाऱ्यांपेक्षा सात टक्क्यांनी अधिक होते. अशा अभ्यासातून कारण-परिणाम ठामपणे सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

हवेचा अंदाज घ्यायला हिवाळ्याची सकाळ उत्तम. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार होते, त्यामुळे धूर वर न जाता खाली कोंडतो. सखल भागात, नदीपात्राजवळ आणि कचरा जाळला जातो अशा ठिकाणी सकाळी सातला तो डोळ्यांना आणि घशाला जाणवतो. पीएम २.५ साठी भारताचे वार्षिक मानक घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अवघ्या ५ ची आहे. हवेची आकडेवारी पाहताना निरीक्षण केंद्र त्या घरापासून किती दूर आहे हेही पाहावे. पाच किलोमीटरवरचा आकडा चौकातल्या घराची हवा सांगत नाही.

यातली दिलाशाची गोष्ट अशी की त्याच भागात, कधी कधी त्याच प्रकल्पात, शे-दोनशे मीटर आत गेल्याने बराच फरक पडतो. रस्त्याकडच्या विंगऐवजी मागची विंग निवडायला बहुतेक वेळा जास्त पैसे लागत नाहीत.

झोपेतही कान जागे

आवाजाची सवय होते, असे लोक म्हणतात. मनाला होते, शरीराला तेवढी होत नाही. झोपेतही मेंदू आवाज टिपत राहतो. कर्कश हॉर्नने जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब क्षणभर वाढतात, ताणाची संप्रेरके स्रवतात. वर्षानुवर्षे हे घडत राहिले की हृदयविकाराचा धोका वाढतो.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे रात्री ६५ डेसिबल असलेल्या खिडकीशी मर्यादेच्या शंभरपट ध्वनिऊर्जा आदळत असते. मोबाइलवरचे ध्वनिमापक ॲप प्रयोगशाळेइतके अचूक नसले, तरी दोन घरांची तुलना करण्यापुरते कामाचे ठरते. मंगल कार्यालय, उड्डाणपुलाचा चढ, रात्री माल उतरवणारी गोदामे, मिरवणुकीचा रस्ता, हे सगळे रविवारी सकाळी अकराला गप्प असतात.

दोन इमारतींमधली जागा

मजला निवडताना दृश्याचा विचार होतो. ऊन आणि वाऱ्याचा कमी होतो. मुंबईत गोवंडी परिसरातील पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात असे दिसले की, जेथे इमारती एकमेकींना जवळजवळ खेटून उभ्या आहेत, तेथे ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण अधिक होते. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. खेळती हवा त्यांना विरळ करते आणि सूर्यप्रकाश त्यांना मारतो. शेजारच्या प्लॉटवर उद्या किती मजले उभे राहू शकतात आणि मधे किती अंतर राहील, हा प्रश्न त्यामुळे केवळ खासगीपणाचा नाही.

पायी किती, गाडीत किती

२०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दहा देशांतल्या १४ शहरांमधील ६,८२२ प्रौढांना हालचाल मोजणारी उपकरणे बांधण्यात आली. भारतातले शहर त्यात नव्हते. ज्या परिसरात वस्ती दाट, गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या, बसथांबे भरपूर आणि चालण्याच्या अंतरावर बागा होत्या, तेथील लोकांची शारीरिक हालचाल आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटांनी जास्त होती. आरोग्यासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला जातो. त्याचा जवळजवळ निम्मा वाटा परिसरच करून घेत होता. कोपऱ्यावर भाजी, पाच मिनिटांवर दवाखाना आणि सलग पदपथ असला की पावले आपोआप पडतात. चारही बाजूंनी भिंत आणि दूध आणायलाही गाडी काढावी लागते, अशा आलिशान संकुलात जिमची फी भरूनही ती पडत नाहीत.

कामाचे अंतर हा यातला सर्वात कमी लेखला जाणारा भाग. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या स्वित्झर्लंडमधील अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील आकडेवारीवरून दाखवले की, लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. मोठे घर किंवा जास्त पगार त्याची भरपाई करत नाही. घर घेताना माणसे जास्तीच्या खोलीचा आनंद मोठा धरतात आणि रोजच्या प्रवासाचा शीण छोटा. खोलीची सवय काही महिन्यांत होते, कोंडीची होत नाही. जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास जास्त लागला, तर वर्षाला २८० दिवस धरून वीस वर्षांत ८,४०० तास जातात. म्हणजे ३५० दिवस-रात्री, जवळजवळ अख्खे वर्ष. हा वेळ बहुधा झोपेतून, व्यायामातून आणि मुलांच्या वाट्यातून वजा होतो.

अंतराचा आणखी एक अर्थ आहे. पक्षाघातात मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, आणि गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. घरात ज्येष्ठ असतील, तर सीटी स्कॅन आणि अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय किलोमीटरमध्ये न मोजता संध्याकाळी सातच्या रहदारीतल्या मिनिटांमध्ये मोजावे.

भीती कशाची धरावी?

घर पाहायला आलेले लोक गच्चीवरचा मोबाइल टॉवर पाहून माघार घेतात आणि महामार्गालगतचा फ्लॅट आनंदाने घेतात. टॉवर डोळ्यांना दिसतो, सूक्ष्म कण दिसत नाहीत. टॉवरजवळ राहिल्याने आजार वाढतात, असे आजवरच्या संशोधनातून सिद्ध झालेले नाही. वाहनांचा धूर, रात्रीचा गोंगाट आणि दूषित पाणी यांच्याविरुद्धचा पुरावा मात्र अनेक दशकांचा आहे. काळजीही पुराव्याच्या वजनाने करावी.

बजेट आणि तडजोड

हे सगळे वाचून एक रास्त प्रश्न उरतो. शांत, हिरवा, पाणी असलेला आणि कामाजवळचा परिसर परवडतो किती जणांना? बहुतेक कुटुंबांना काहीतरी सोडावेच लागते, आणि दोषांची विभागणी येथेच उपयोगी पडते.

पूररेषेच्या आतली किंवा ओढ्यावरची जागा, पाण्याचा खात्रीचा स्रोत नसलेली जागा आणि मोठ्या रस्त्याला चिकटलेली इमारत, या तिन्ही गोष्टी आधी यादीतून खोडाव्यात. किंमत कितीही आकर्षक असली तरी. कारण हे दोष पुढे पैसे टाकूनही जात नाहीत. त्यानंतर तडजोड करायची तर ती क्षेत्रफळात, क्लब हाऊसमध्ये, फरशीत आणि नवेपणात करावी. चांगल्या परिसरातले जुने, शंभर चौरस फूट लहान घर पुढे रंगवता येते, सावकाश सुधारता येते. ज्यांच्या घरात दम्याचे मूल आहे त्यांनी हवेला झुकते माप द्यावे. ज्येष्ठ आहेत त्यांनी रुग्णालय आणि पदपथाला. दोघेही नोकरी करणारे असतील त्यांनी प्रवासाला.

निर्णयाआधी त्याच जागी चार वेळा जावे. एकदा कामाच्या दिवशी सकाळी नऊला, तिथून ऑफिसपर्यंत प्रत्यक्ष प्रवास करून. एकदा रात्री अकरानंतर, गाडीच्या काचा उतरवून. एकदा पहाटे, धूर आणि कचऱ्याचा वास ओळखण्यासाठी. आणि एकदा जोराच्या पावसानंतर तासाभरात, पाणी कुठे तुंबते ते पाहायला. दुपारी चार वाजता आवारात मुले खेळताना आणि संध्याकाळी आजी-आजोबा चालताना दिसतात का, याचीही नोंद घ्यावी.

जमेल त्यांनी आणखी एक करावे. घर घेण्याआधी त्याच भागात वर्षभर भाड्याने राहावे, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा. उन्हाळ्यात टँकर कळतो, पावसाळ्यात ओढा. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात पत्ता बदलण्याची सोय असते. खरेदीखतावर सही झाल्यावर ती सोय फार महाग पडते.